खातं उघडताना मागितलेली सगळी माहिती द्यावीच लागते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सदुसष्ट वर्षांच्या आईची रक्ततपासणी करायची होती, म्हणून मुलगा एका लॅबच्या ॲपवर तिचं खातं उघडायला गेला. मोबाईल नंबर, ईमेल, जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार क्रमांक, वर फोनमधले संपर्क पाहण्याची परवानगी, असं ॲप एकामागून एक मागत गेलं आणि तो देत गेला. आठवड्याभरात आईला आरोग्यविम्याचे आणि ‘शुगरवर खात्रीशीर इलाज’वाल्यांचे फोन सुरू झाले. आता तो विचारतोय की हे सगळं देणं बंधनकारक होतं का, खोटी माहिती दिली असती तर चाललं असतं का, आणि दिलेलं परत घेता येईल का.

तिन्ही उत्तरं आधी एका दमात देते. बंधनकारक नव्हतं, त्यातल्या मोजक्याच गोष्टींची लॅबला खरी गरज होती. खोटी माहिती देण्यापेक्षा कमी माहिती द्या. या दोन्हीत फरक आहे, तो पुढे सांगते. आणि लॅबकडे असलेली बरीचशी माहिती पुसून घेता येईल, पण तिथून बाहेर गेली असेल ती परत येत नाही. म्हणूनच मी सगळा भर पहिल्या प्रश्नावर देणार आहे.

मी गेली अठरा वर्षं पुण्यात दुकानं, दवाखाने आणि लहान कंपन्यांसाठी बिलिंगची आणि ग्राहकनोंदणीची सॉफ्टवेअरं करते. तुमच्यासमोर जो फॉर्म येतो तो माझ्यासारख्या कोणीतरी बनवलेला असतो. त्यामुळे रकान्याशेजारची ती लाल चांदणी, ‘हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ सांगणारी, कुठून येते ते मला माहीत आहे. बहुतेक वेळा ती कायद्यातून येत नाही. ती एका मीटिंगमधून येते.

चष्म्याची चार-पाच दुकानं असलेल्या एका मालकांसाठी मी नोंदणीचा फॉर्म करत होते. नाव, मोबाईल, चष्म्याच्या नंबरचा कागद इथपर्यंत ठीक होतं. मग ते म्हणाले, जन्मतारीख घ्या. मग लग्नाचा वाढदिवस. मग व्यवसाय. मग घरात आणखी कोणाला चष्मा आहे ते. मी विचारलं, लग्नाच्या वाढदिवसाचं चष्म्याला काय काम? ते म्हणाले, “असू दे हो, पुढे लागेल.” हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की या सगळ्या विषयाचं मूळ मला त्यातच दिसतं. रकाना वाढवायला मालकाला एक पैसा पडत नाही. तो बंधनकारक करायला मला एका चौकोनात खूण करावी लागते, पाच सेकंदांचं काम. त्या पाच सेकंदांमुळे पुढची दहा वर्षं हजारो लोक काउंटरवर उभे राहून आपल्या लग्नाची तारीख सांगत राहतात, कारण त्यांना वाटतं की सांगावंच लागतं.

आता त्याच फॉर्मच्या मागची बाजू सांगते. कोणत्याही दुकानाचा जुना डेटा उघडला की मोबाईलच्या रकान्यात शेकड्यांनी ९९९९९९९९९९ सापडतात. ग्राहकाने नंबर द्यायला नकार दिला, रांग वाढली, बिल तर काढायचंय, मग काउंटरवरची मुलगी दहा वेळा नऊ दाबते आणि बिल निघतं. काही ठिकाणी एकाच नंबरावर दिवसाला तीस-चाळीस बिलं दिसतात. तो कॅशियरचा स्वतःचा नंबर असतो, पॉइंट्स त्याला मिळतात. म्हणजे ‘सिस्टीम घेतच नाही हो’ असं जे तुम्हाला सांगितलं जातं, ते जवळजवळ कधीच खरं नसतं. पुढच्या वेळी दुकानात शांतपणे म्हणा, “नंबर न देता बिल करा.” दहापैकी आठ वेळा बिल होतं. मी स्वतः हे रोज करते.

नंबरावर मी एवढी का अडून बसले आहे, ते नीट समजून घ्या. लोकांना वाटतं मोबाईल नंबर म्हणजे फार तर एखादा नको असलेला फोन येईल. आम्ही डेटाचं काम करणारे त्याच्याकडे तसं बघत नाही. आमच्यासाठी तो दोरा आहे. दोन वेगवेगळ्या याद्या शिवायच्या असतील तर दोन्हीकडे सारखी अशी एक गोष्ट लागते. नाव चालत नाही, कारण ‘एस. पाटील’ शंभर असतात आणि त्यातल्या निम्म्यांची नावं वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिलेली असतात. पत्ता तर त्याहून वाईट. मोबाईल नंबर मात्र दहा आकडी, माणसागणिक वेगळा, आणि माणूस तो वर्षानुवर्षं बदलत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका ग्राहकाने मला पेन ड्राइव्हवर दुसरीच एक एक्सेल शीट आणून दिली. कुठल्याशा व्यायामशाळेची सभासद यादी होती, ओळखीने मिळवलेली. ‘आपल्या यादीला जोडून द्या’ म्हणाले. मी मोबाईलचा रकाना धरून व्ही-लुकअप, म्हणजे दोन याद्या जुळवणारं एक्सेलमधलं सूत्र, लावला. अर्ध्या मिनिटात समोर जे उभं राहिलं ते मी अजून विसरलेले नाही. एकाच ओळीत एका बाईचं नाव, सोसायटी, चष्म्याचा नंबर, वजन, आणि ‘प्रसूतीनंतर’ असा व्यायामशाळेच्या ट्रेनरने टाकलेला शेरा. त्या बाईंनी ही माहिती दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या कारणांनी, विश्वासाने दिली होती. दोन्ही ठिकाणी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. एकत्र आल्यावर मात्र ती अशा माणसाच्या टेबलावर होती ज्याच्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. मी ते काम करून दिलं. तेव्हा मला ते चूक वाटलं नाही, याचं आज वाईट वाटतं, आणि हे उत्तर एवढं लांब लिहिण्याचं कारणही तेच आहे.

आपल्याकडे तर त्याच नंबरावर बँकेचा ओटीपी येतो, त्याच नंबरावर यूपीआय चालतं, आधारची पडताळणीही त्याच नंबरावर होते. जगात फार थोड्या ठिकाणी एका नंबराने एवढं ओझं उचललेलं असेल. २०२१ च्या मे महिन्यात डॉमिनोजच्या भारतातल्या १८ कोटी ऑर्डरींचा तपशील बाहेर आला, तेव्हा तो चोरणाऱ्यांनी एक शोधपान बनवलं होतं. त्यात मोबाईल नंबर टाकला की त्या माणसाने कधी, कुठून, काय मागवलं ते दिसत होतं. कार्डाची माहिती गेली नाही, असं कंपनीने सांगितलं होतं. पण जिथे पिझ्झा वारंवार जातो ती जागा म्हणजे माणसाचं घर असतं किंवा ऑफिस. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने एका त्रास देणाऱ्या माणसापासून सुटायला घर बदललं होतं. त्या बातमीनंतर तिला कितीतरी रात्री झोप लागली नव्हती.

दुसरं उदाहरण त्याच महिन्यातलं. एअर इंडियाने कळवलं की जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती त्यांच्यासाठी काम करणाऱ्या एका तंत्रज्ञान कंपनीकडून चोरीला गेली. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील. त्यातल्या जुन्यात जुन्या नोंदी ऑगस्ट २०११ च्या होत्या. म्हणजे दहा वर्षांपूर्वी एकदा विमानात बसलेला माणूसही त्यात आला. ‘पुढे लागेल’ म्हणून ठेवलेल्या माहितीचं बहुतेक वेळा असं होतं. ती पुढे लागते, पण मालकाला नाही, चोराला.

जन्मतारखेचंही एक सांगून टाकते, कारण ती आपण सहज देतो. आधारची पीडीएफ डाउनलोड केलीत तर तिचा पासवर्ड काय असतो? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. कितीतरी बँकांची ईमेलवर येणारी स्टेटमेंट्ससुद्धा नाव आणि जन्मतारखेच्याच जुळणीने उघडतात. फोनवरचा कॉल सेंटरचा माणूस ‘ओळख पटवण्यासाठी’ आधी जन्मतारीखच विचारतो. अशी ही किल्ली आपण केक कापायच्या दिवशी वीस टक्के सूट मिळेल म्हणून दुकानाच्या वहीत लिहून येतो.

आता लॅबकडे वळू. आईंच्या तपासणीसाठी काय लागत होतं? नाव लागतं. वय आणि लिंग लागतं, आणि हे मात्र अगदी खरं बरोबर द्या. हिमोग्लोबिनची ‘सामान्य’ मर्यादा स्त्री-पुरुषांत वेगळी असते. मूत्रपिंडाचं काम कितपत चालू आहे हे सांगणारा ईजीएफआरचा आकडा क्रिएटिनिनवरून काढताना सूत्रात वय आणि लिंग घालावं लागतं. तिथे चुकीचं वय गेलं तर रिपोर्ट चुकेल आणि डॉक्टरांचा निर्णयही. पण त्यासाठी ‘६७ वर्षं, स्त्री’ एवढं पुरतं. एकाच नावाचे दोन रुग्ण गोंधळू नयेत म्हणून काही लॅब पूर्ण जन्मतारीख घेतात. तो मुद्दा मला मान्य आहे, मी त्यावर भांडत नाही. रिपोर्ट पाठवायला एक मोबाईल किंवा ईमेल लागतो, दोन्ही नाही, आणि तो तुमचा चालतो, आईंचाच असायला हवा असं नाही. नमुना घ्यायला माणूस घरी येणार असेल तर पत्ता लागतो, तुम्ही लॅबमध्ये जाणार असाल तर नाही. आधारचं साध्या रक्ततपासणीत काही काम नाही. आणि फोनमधल्या संपर्कांचं तर कोणत्याच तपासणीत नाही.

संपर्कांबद्दल मला जरा थांबून बोलायचंय. बाकी सगळं तुमचं होतं, तुम्ही दिलंत. फोनमधली चारशे-पाचशे नावं मात्र तुमची नव्हती. त्यात ‘काकू कॅन्सर हॉस्पिटल’, ‘वकील घटस्फोट’ अशा नावांनी जपलेले नंबर असतात. आपण आपल्या सोयीने जे लिहितो तेच सर्व्हरवर जातं. त्या माणसांना कोणी विचारलेलं नसतं. कर्जाच्या ॲप्सनी याच यादीतल्या लोकांना फोन करून कर्जदारांची अब्रू काढायचा धंदा केला. म्हणून २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या मार्गदर्शक तत्त्वांत रिझर्व्ह बँकेला स्पष्ट लिहावं लागलं की फोनमधल्या फाइल्स, फोटो, संपर्क, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. म्हणून कुठलंही ॲप संपर्क मागत असेल तर ‘नको’ दाबा आणि बघा. बहुतेक ॲप्स मुकाट पुढे जातात.

काही ठिकाणी माहिती खरोखरच कायद्याने द्यावी लागते, आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. बँकेचं खातं, म्युच्युअल फंड, विमा, सिमकार्ड, इथे केवायसी आहेच. दोन लाख रुपयांवरच्या खरेदीला पॅन लागतो. औषधांच्या दुकानात शेड्यूल एच-१ मधलं औषध घेतलंत, म्हणजे काही प्रतिजैविकं, झोपेच्या गोळ्या वगैरे, तर डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं जपणं दुकानदारावर बंधनकारक आहे. पण त्या वहीत मोबाईल नंबर लिहायला कायदा सांगत नाही. तसंच जीएसटीचं. तुमच्याकडे जीएसटी नोंदणी नसेल आणि बिल पन्नास हजारांच्या आतलं असेल, तर साध्या दुकानातल्या बिलावर तुमचं नाव-पत्ता असायची सक्ती नाही. ‘जीएसटीसाठी नंबर लागतो’ हे काउंटरवरचं वाक्य म्हणूनच खरं नाही.

कायदा तुमच्या बाजूने किती आहे? वाटतो त्यापेक्षा जास्त. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, आधारच्या निकालात खासगी कंपन्यांना आधार मागायची मुभा देणारा कलम ५७ मधला भाग रद्द झाला. नंतर काही दुरुस्त्या होऊन ऐच्छिक वापराची दारं उघडली, पण ‘आधारच द्या, दुसरं ओळखपत्र चालणार नाही’ असा हट्ट लॅबला किंवा दुकानाला धरता येत नाही. द्यायचंच झालं तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या, ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतं. झेरॉक्स देत असाल तर तिच्यावर आडवं लिहा, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते. माझे वडील तलाठी कार्यालयात द्यायच्या कागदांवरही असं लिहायचे. ती सवय त्यांची, आणि आज ती फार उपयोगी आहे.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने किरकोळ विक्रेत्यांना बजावलं की बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका, ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी अधिसूचित केली. त्यातली एक आहे जबरदस्ती. खरेदीसाठी गरज नसताना आधारशी किंवा क्रेडिट कार्डाशी जोडलेली माहिती द्यायला लावणं, सेवा मिळण्यासाठी फोनमधले संपर्क द्यायला लावणं, ही त्यात उदाहरणं म्हणूनच लिहिली आहेत. तुमच्या ॲपने नेमकं हेच केलं. आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्यात संमतीची कसोटी साधी आहे: तुम्ही ‘हो’ म्हटलंत तरी ते ‘हो’ त्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरतं धरलं जाईल. कायद्यातच उदाहरण दिलंय की दूरवैद्यक सेवेच्या (म्हणजे फोनवरून डॉक्टर गाठून देणाऱ्या) ॲपने उपचारासाठी आणि संपर्कांसाठी अशी एकत्र परवानगी घेतली, आणि बाईंनी दोन्हीला हो म्हटलं, तरी संपर्कांची गरज नसल्याने संमती उपचारापुरतीच. तुमच्या प्रश्नाशी याहून जवळचं उदाहरण मिळणं कठीण. संमतीची विनंती मराठीत वाचायची सोयही याच कायद्यात आहे, कारण आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांपैकी कोणतीही भाषा निवडण्याचा पर्याय द्यावा लागेल. सुरक्षेत हयगय करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण नियम अधिसूचित झाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यांत कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. तोपर्यंतचं तुमचं हत्यार ग्राहक कायदाच.

खोटी माहिती. इथे मी थोडी कडक आहे. मनाला येतील ते दहा आकडे टाकू नका. तो नंबर कोणाचा तरी असतो. तुमच्या आईंचा रिपोर्ट एखाद्या अनोळखी माणसाच्या व्हॉट्सॲपवर जाईल आणि त्या बिचाऱ्याला तुमच्या नावाने फोन येत राहतील. दुसऱ्या खऱ्या माणसाच्या नावाने माहिती देणं तर २०२३ च्या कायद्यात नागरिकाच्या कर्तव्यांचा भंग ठरतं, त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. बँक, विमा, उपचार, सरकारी कागद इथे शब्दन् शब्द खरा हवा. विम्याच्या अर्जात वय चुकवलंत तर दाव्याच्या वेळी घरच्यांना भोगावं लागतं. पण चपलांच्या दुकानाने जन्मतारीख मागितली, तर ‘देत नाही’ म्हणणं हे खोटं बोलणं नाही. रकाना रिकामा ठेवणं, फक्त आडनाव देणं, ‘राहणार पुणे’ एवढंच लिहिणं, हे सगळं खरंच आहे. कमी आहे एवढंच.

ईमेलच्या बाबतीत तर खोटं बोलायची गरजच नाही. जीमेल असेल तर पत्त्यातल्या ॲट चिन्हाच्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द घालता येतो, समजा अधिक लॅब. टपाल तुमच्याच पेटीत येतं, पण कोणत्या पत्त्यावर आलं ते दिसतं. उद्या त्या ‘लॅब’वाल्या पत्त्यावर विम्याची जाहिरात आली तर पत्ता कुठून गेला याचा पुरावाच हातात राहतो. तुमच्याकडे मात्र असा पुरावा नाही. आठवड्याभरात फोन आले म्हणून लॅबनेच नंबर दिला असं सिद्ध होत नाही. दुसऱ्या एखाद्या ॲपमधूनही तो गेला असू शकतो, आणि उगाच आरोप करून तुमची तक्रार कच्ची करू नका. हुशार लोक मधला तुकडा कापून खरा पत्ता काढू शकतात हेही खरं, म्हणून ॲपलचं ‘हाइड माय ईमेल’ किंवा फायरफॉक्स रिले यांसारखी वेगळाच पत्ता बनवून देणारी सोय जास्त पक्की.

नंबरासाठी माझा सल्ला असा की घरात एक ‘बाहेरचा’ नंबर ठेवा, सगळ्या कुटुंबाला मिळून एकच. दुकानं, डिलिव्हरी, सोसायटीच्या गेटवरची नोंद, सगळीकडे तो. बँक, यूपीआय, आधार यांचा नंबर वेगळा, आणि तो कोणत्याही काउंटरवर उच्चारायचा नाही. मात्र तो बाहेरचा नंबर रिचार्ज करून चालू ठेवा. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमच्या जुन्या खात्यांचे ओटीपी त्याच्याकडे जातात. वयस्कर माणसांच्या बाबतीत हे फार घडतं. मुलगा नवं सिम घेऊन देतो, जुनं ड्रॉवरमध्ये राहतं, आणि बँकेत अजून तेच नोंदलेलं असतं.

आता झालेल्या गोष्टीकडे. ॲप फोनवरून काढून टाकलंत एवढ्याने काही होत नाही, खातं तिकडे तसंच राहतं. आधी ॲपमध्ये शिरून खातं डिलीट करण्याची जागा शोधा. ॲपलने ३० जून २०२२ पासून, आणि नंतर गूगलनेही, खातं उघडू देणाऱ्या ॲपला खातं पुसण्याची सोय देणं सक्तीचं केलंय, म्हणून ती कुठेतरी असणारच, बहुधा ‘प्रोफाइल’ किंवा ‘हेल्प’च्या तळाशी. त्याआधी रिपोर्टच्या प्रती स्वतःकडे उतरवून घ्या. त्याही आधी फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन संपर्कांची परवानगी काढा. आधीच गेलेले नंबर त्याने परत येणार नाहीत, पण नव्याने जाणं थांबेल.

मग तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ऑनलाइन व्यवसायांच्या २०२० च्या नियमांनुसार त्यांनी असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात निवारण करावं लागतं. मजकूर लांबलचक नको, रागाचा नको. असा पुरेल:

“अमुक तारखेला आपल्या ॲपवर माझ्या आईच्या नावे खातं उघडलं. नोंदणीवेळी आधार क्रमांक आणि फोनमधील संपर्क घेण्यात आले. तपासणीसाठी त्यांची गरज नव्हती. दोन्हींसाठीची संमती मी मागे घेत आहे. ते पुसून तसं लेखी कळवावं. आमची माहिती कोणत्या अन्य संस्थांना दिली आहे, त्यांची नावं कळवावीत. कायद्याने ठेवाव्या लागणाऱ्या वैद्यकीय नोंदी कोणत्या आणि किती काळ ठेवणार, तेही सांगावं. जाहिरातीसाठी फोन आणि संदेश यांना आमची संमती नाही.”

महिन्याभरात समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. सोबत ही ईमेल आणि त्यांची पोच ठेवा.

नको असलेल्या फोनांसाठी आईंचा नंबर १९०९ वर ‘डू नॉट डिस्टर्ब’ला लावा. पण नोंदणी करताना ‘ऑफर्स पाठवायला हरकत नाही’ला संमती दिली असेल, तर ती लॅब या नोंदीला बधत नाही, म्हणून ईमेलमधलं शेवटचं वाक्य घातलंय. एसएमएस आला तर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी पाहा, तिथे ‘पी’ हे इंग्रजी अक्षर असेल तर ती जाहिरात. प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि नंबर वहीत टिपून ठेवायला आईंना सांगा. समोरच्याला एकच विचारायला शिकवा: “माझा नंबर तुम्हाला कोणी दिला?” उत्तर बहुधा मिळत नाही, पण फोन लवकर बंद होतो.

आणि हे त्यांना आजच, समोर बसून सांगा. फोनवरच्या माणसाला त्यांचं नाव, वय, शुगर तपासल्याचं, लॅबचं नाव, सगळं माहीत असलं तरी तो लॅबचा किंवा डॉक्टरांचा माणूस ठरत नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीला वाटतं की एवढं माहीत आहे म्हणजे खराच असणार. फसवणाऱ्यांना विकत घेतलेल्या याद्या याच एका कामासाठी हव्या असतात. अशा कोणाला ओटीपी दिला गेला किंवा पैसे गेले, तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता बरीच असते. हा नंबर मी माझ्या सासूबाईंच्या फोनच्या मागे, कव्हरच्या आत, जाड अक्षरांत लिहून चिकटवला आहे.